लहान मुलांना १० फुटी रिंगवरच शिकवावे काय?

पहिल्या दिवसापासून १० फूट उंचीच्या रिंगवर आणि मोठ्यांच्याच चेंडूने सराव केला तरच मुलाचा नेम पक्का होतो, हा बास्केटबॉलच्या मैदानांवर रुजलेला समज चुकीचा आहे. सुमारे ६०० ग्रॅमचा सात नंबरचा चेंडू रिंगपर्यंत पोहोचवण्यासाठी आठ वर्षांचे मूल तो कमरेपाशी नेते, कोपर बाहेर काढते, अंग पिळून दोन्ही हातांनी ढकलते, आणि हीच ढब एकदा अंगवळणी पडली की ती मोडणे फार जड जाते. म्हणूनच लहान मुलांसाठीच्या मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग २.६० मीटरवर (सुमारे साडेआठ फुटांवर) आणि चेंडू लहान, पाच नंबरचा असतो. त्यात कमीपणा मुळीच नाही. रिंग खाली घेता येत नसेल, तर निदान चेंडू तरी बदलावा आणि मुलाला रिंगजवळ उभे करून कोपर चेंडूखाली ठेवायला शिकवावे.