‘वाहक’ या शब्दाचा घोळ आणि खानदानी कोलेस्टेरॉल

आपल्याकडे गडचिरोली-चंद्रपूर-गोंदियाकडच्या माणसाला आईबापाकडून पोराकडे आजार कसा येतो हे शिकवायला लागत नाही, सिकलसेल या रक्ताच्या आजाराने, म्हणजे सिकलने, ते घरोघरी शिकवलंय. एएस म्हणजे जीनची एक प्रत बिघडलेली, तो वाहक, एसएस म्हणजे दोन्ही बिघडलेल्या, तो पेशंट, वाहकाला सहसा त्रास नाही, फक्त दोन वाहकांचं लग्न होऊ नये, एवढं चौथी शिकलेली आजीपण सांगते. अडचण अशी की हेच शहाणपण खानदानी कोलेस्टेरॉलच्या बाबतीत पार उलटं पडतं. डॉक्टर लोक त्याला एफएच म्हणतात, फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया.

जुना इतिहास थोडक्यात. 1938 साली नॉर्वेतल्या एका डॉक्टरने काही घराणी बघितली ज्यांच्यात शिरांवर (रक्ताच्या नाही, स्नायू हाडाला बांधणाऱ्या) पिवळट गाठी, रक्तात कोलेस्टेरॉल जास्त आणि तरुणपणी हार्टचं दुखणं हे तिन्ही सोबत चालत होतं. 1964 मधे लेबनॉनच्या घराण्यांवरून हे आईबापाकडून कसं उतरतं ते स्पष्ट झालं. मग 1970 च्या दशकात अमेरिकेत दोघा जणांनी शोधलं की लिव्हरच्या पेशीवर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, पकडून आत ओढणारा जो रिसेप्टर असतो तोच इथे कमी किंवा बिघडलेला असतो, आणि 1985 ला त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे कोलेस्टेरॉल खाण्यातून जास्त येतंय असं नाही, रक्तातून उचललंच जात नाही.

आता शब्दाचं. एफएचमधे जीनची एकच बिघडलेली प्रत पुरते. आई किंवा बाप, दोघांपैकी एकाकडून आली की आजार आला, जन्मापासून आला, आणि प्रत्येक लेकराला तो जायची शक्यता निम्मी. दोन्हीकडून आली तर फारच वाईट, पोरगं शाळेत असतानाच हार्टला त्रास सुरू होऊ शकतो, पण असे लाखात एखादे, त्याहूनही कमी. एक प्रतवाले मात्र भरपूर, जुन्या पुस्तकात 500 मधे एक लिहायचे, आता साधारण 250 ते 300 मधे एक धरतात. जगाच्या हिशोबाने दोन हजार वस्तीच्या गावात सात-आठ जण झाले. आणि या सात-आठ जणांना कोणी ‘तू वाहक आहेस’ म्हटलं की सिकल ऐकून मोठा झालेला माणूस निवांत घरी जातो. वाहक ना, मग काय होते. एफएच असून कोलेस्टेरॉलची गोळी न घेणाऱ्या पुरुषात साधारण निम्म्यांना पन्नाशीच्या आत हार्टचा झटका किंवा तसलं काही होतं, हे त्या शब्दात कुठेच दिसत नाही. काही माहितीपत्रकांत आणि भाषणांत अजूनही ‘वाहक’च चालतं, माझ्या मते तो शब्द या आजारापुरता फेकूनच द्यावा. एक प्रत असली तरी पेशंटच. काही लोक म्हणतात पेशंट म्हटलं तर पोरीचं लग्न अडते. अडतेही, सिकलमधे अडलेली बघितली आहेत, पण त्यासाठी चुकीचा शब्द वापरून पोरीचा जीव धोक्यात घालायचा का हा प्रश्न आहे.

मी तालुक्याच्या लॅबमधे काम करतो. एकदा एकतीस वर्षांच्या शेतकऱ्याचं सँपल लावलं. टोटल कोलेस्टेरॉल 340, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल 42, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली दुसरी चरबी 120, म्हणजे हिशोबाने एलडीएल 274. सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, मात्र एकदम स्वच्छ, फिकट पिवळं. आम्हाला वाटलं मशीन बिघडली, कारण चरबी जास्त तर सिरम दुधासारखं दिसतं अशी समजूत, पण दूध दिसतं ते ट्रायग्लिसराइडने, एलडीएल कितीही असलं तरी सिरम साफच राहतं. परत लावलं, तोच आकडा. माणूस हडकुळा, ज्वारीची भाकर नि तुरीचं वरण खाणारा, त्याला तूप बंद कर सांगून काय होणार. टाचेच्या वरची शीर बोटाएवढी जाड, त्यावर टणक गाठ. विचारलं तर म्हणे, चप्पल लागून लागून झालं असंन भाऊ, आमच्या बाबालेही होतं. बाबा कशानं गेले? ऊन लागलं मे महिन्यात, वावरातच पडले, 43 चे होते.

इथेच आपल्या भागातली खरी गोची आहे. फॉर्ममधे फॅमिली हिस्टरीचा रकाना असतो, पण घरात मेलेल्याला नाव लागतं ऊन, गॅस, दारू, फवारणी, नाहीतर नुसतं ‘बसल्या बसल्या गेले’. त्यातली बरीच नावं खरीही असतात, विदर्भात उन्हानं माणसं मरतातच, 2017 ला यवतमाळकडे फवारणीच्या विषाने शेतकरी गेले हे सगळ्यांना आठवते. म्हणून चाळिशीतला मृत्यू कोणाला खटकत नाही, पोस्टमॉर्टम होत नाही आणि रकान्यात ‘नाही’ लिहिलं जातं.

औषधाचं म्हणाल तर स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, निघालं बुरशीतून, जपानमधे 1970 च्या दशकात, पहिली गोळी अमेरिकेत 1987 ला बाजारात आली. त्याआधी पावडर असायची, पाण्यात वाळू घोळून प्यायल्यासारखी. आता जेनेरिक गोळी स्वस्त आहे, जोरदार डोसने एलडीएल निम्म्यावर येतं, आणि लहान मुलांना 8 ते 10 वर्षांपासून सुरू करतात. 2003 मधे फ्रान्समधल्या घराण्यांवरून आणखी एक जीन सापडला, त्यावरची इंजेक्शनं 2015 पासून आली, पण ती आपल्या खिशाची नाहीत.

जगण्याचा दर्जा म्हणतात त्याचं इथेच अडतं. काही दुखत नाही, अंगात ताकद आहे, मग जन्मभर गोळी कायले? पिवळ्या गाठी कोणाला लाज वाटायला लावतात, कोणी त्याकडे बघतपण नाही. आईला वाटते माझ्याकडून लेकराला गेलं, नवरा तेच भांडणात बोलून दाखवतो. नेदरलँडमधे 1994 पासून एक पेशंट सापडला की त्याचे नातेवाईक घरी जाऊन तपासायचे, सरकारने 2014 ला पैसा थांबवेपर्यंत हे चाललं. तिकडच्या बहुतेक अभ्यासात गोळी घेणाऱ्यांचं रोजचं जगणं बाकीच्यांपेक्षा फार वाईट नाही निघालं, निदान कळल्यावरची धास्ती काही दिवसांनी ओसरते. दर एक-दोन आठवड्याला मशीनवर रक्त साफ करून घ्यावं लागणाऱ्या दोन प्रतवाल्यांचं मात्र तसं नाही.

आपल्याकडे सिकलसाठी 1 जुलै 2023 ला राष्ट्रीय मिशन सुरू झालं, गावात कॅम्प लागतात, पोरापोरींच्या बोटातून रक्त घेतात. त्याच टेबलावर कोलेस्टेरॉलची एक ट्यूब जास्तीची लावायची की नाही यावर एकमत नाही. सगळ्यांचं तपासायला खर्च होतो, एवढे आकडे कोण बघणार, हा मुद्दा मला पटतो. पण सापडलेल्या एका माणसाच्या भावा-बहिणीला आणि लेकरांना बोलावून घ्यायला फार काही लागत नाही. त्या शेतकऱ्याचा धाकटा भाऊ आला होता, त्याचं एलडीएल 118 निघालं. मोठी पोरगी नऊ वर्षांची, तिचं 231. तिच्या रिपोर्टवर रिमार्कच्या जागी मी पेनाने लिहिलं, डॉक्टरला दाखवा, वाहक नाही.