पंधरा रुपयांचं पुस्तक, पंच कार्डं आणि एमसीए : प्रा. राजारामन यांच्या कामाची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांतही आज एमसीए (मास्टर ऑफ कॉम्प्युटर अ‍ॅप्लिकेशन्स, म्हणजे संगणकाची पदव्युत्तर पदवी) शिकवणारी कॉलेजं सापडतात. बीएस्सी किंवा बीकॉम झालेली मुलगी पुढे सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते, याचं कुणाला नवल वाटत नाही. ही वाट घालून देणाऱ्यांमध्ये प्रा. वैद्येश्वरन राजारामन यांचं नाव पहिलं घ्यावं लागेल. नोव्हेंबर २०२५ मध्ये बंगळुरूत त्यांचं निधन झालं.

ते मूळचे विद्युत अभियांत्रिकीचे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकताना त्यांनी अ‍ॅनालॉग संगणकाचे भाग बनवले. नंतर अमेरिकेत एमआयटी आणि मग विस्कॉन्सिन विद्यापीठात पीएच.डी. तिथे प्राध्यापकी मिळालेली असताना ते परतले आणि १९६३ मध्ये आयआयटी कानपूरला रुजू झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकी मदत कार्यक्रमातून आयबीएम १६२० हा संगणक कानपुरात आला.

देशात संगणक त्याआधीही होते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ मध्ये पहिला आला, मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतःचा ‘टिफ्रॅक’ बांधला. पण ही यंत्रं प्रामुख्याने संशोधनाच्या कामाची. कानपूरचं वेगळेपण असं की तिथे विद्यार्थ्यांना यंत्रापाशी जाऊ दिलं. कुठल्याही शाखेच्या मुलाला प्रोग्रॅमिंग शिकणं सक्तीचं झालं. बाहेरच्या शास्त्रज्ञांसाठी आणि अभियंत्यांसाठीही थोड्या दिवसांचे अभ्यासवर्ग भरू लागले.

तेव्हाचं प्रोग्रॅमिंग म्हणजे फोरट्रान या संगणकभाषेतली प्रत्येक ओळ एका पंच कार्डावर, म्हणजे छिद्रं पाडलेल्या जाड कागदावर. कार्डाचे ऐंशी रकाने, त्यात सूचना लिहायची सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंत. एक स्वल्पविराम चुकला की कार्ड नव्याने पंच करायचं, गठ्ठ्यात नेमक्या जागी घालायचं आणि पुन्हा रांगेत थांबायचं. अशा वेळी मुलांच्या हातात नीट समजावणारं पुस्तक असणं किती मोलाचं, हे शिकवणाऱ्यालाच कळतं. परदेशी पुस्तकं विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडणारी नव्हती.

वर्गातल्या टिपणांतूनच राजारामन यांचं प्रोग्रॅमिंगवरचं पहिलं पुस्तक १९६९ मध्ये निघालं. प्रकाशकाने किंमत कमी ठेवायची तयारी दाखवली, पण छपाईला थेट लावता येईल अशी प्रत लेखकानेच द्यावी, ही अट घातली. राजारामन यांनी ती संगणकाच्या लाइन प्रिंटरवरच, म्हणजे एका वेळी एक अख्खी ओळ छापणाऱ्या यंत्रावर, काढली. देखणेपणात पुस्तक उणं असेल, पण किंमत राहिली पंधरा रुपये, म्हणजे जवळपास झेरॉक्सच्या खर्चाइतकी. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतला हा सर्वांत मोठा निर्णय. आयआयटीची पायरीही न चढलेल्या कितीतरी मुलांचे ते या पुस्तकामुळे ‘सर’ झाले. पुढेही त्यांनी बरीच पाठ्यपुस्तकं लिहिली आणि किमती आवाक्यात ठेवण्याचा आग्रह सोडला नाही.

कानपुरात आधी एम.टेक.ला संगणकशास्त्राचा पर्याय आला. पदवीचा अभ्यासक्रम मात्र १९७८ मध्ये सुरू झाला. पण देशाला लागणारं मनुष्यबळ दोन-चार आयआयटींतून थोडंच पुरणार होतं! या मनुष्यबळाचा विचार करायला केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स आयोगाने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष राजारामनच होते. विज्ञान आणि वाणिज्य शाखांच्या पदवीधरांसाठी तीन वर्षांचा एमसीए सुरू करावा, ही शिफारस त्यांच्या समितीची. इंजिनिअरिंगला प्रवेश न मिळालेल्यांना या क्षेत्राचं दार उघडलं ते इथे. ऐंशीच्या दशकात विद्यापीठांनी हा अभ्यासक्रम उचलला. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतली पहिली सॉफ्टवेअरची नोकरी याच पदवीवर आली.

१९८२ मध्ये ते भारतीय विज्ञान संस्थेत परतले आणि तिथलं सुपरकॉम्प्युटर शिक्षण व संशोधन केंद्र त्यांनी १९९४ पर्यंत सांभाळलं. भटनागर पुरस्कार १९७६ चा, पद्मभूषण १९९८ चं. निवृत्तीनंतरही जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांचं काम चालूच होतं. भारतातल्या संगणकाचा इतिहासही त्यांनी लिहून ठेवला. एमसीए आता दोन वर्षांचा झाला आहे. हा बदल २०२०-२१ पासूनचा.