विद्यापीठ ग्रंथालयाच्या संकेतस्थळाची सुगम्यता

विद्यापीठ ग्रंथालयाचे संकेतस्थळ, त्यावरील तालिका (ग्रंथांची सूची), ई-नियतकालिके आणि डिजिटल संग्रह दिव्यांग वाचकांना इतरांच्या बरोबरीने व कोणाच्या मदतीवाचून वापरता यावेत, यासाठी केलेली रचना व तपासणी यांचा समावेश या विषयात होतो. दृष्टिबाधित, कर्णबधिर, हातांच्या हालचालींवर मर्यादा असलेले आणि डिस्लेक्सियासारख्या वाचन-अक्षमता असलेले वाचक येथे प्रामुख्याने अभिप्रेत असतात.

विषयाचा आरंभ सामान्यतः वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने १९९७ मध्ये सुरू केलेल्या वेब ॲक्सेसिबिलिटी इनिशिएटिव्ह या उपक्रमापासून व ५ मे १९९९ रोजी प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मार्गदर्शक तत्त्वांपासून धरतात. ग्रंथालयांपुरता मात्र तो मागे नेणे अधिक सयुक्तिक वाटते. साधारणतः १९८० च्या दशकात विद्यापीठांत ऑनलाइन तालिका, म्हणजे ओपॅक, रूढ होऊ लागल्या. त्यांच्या पडद्यावर केवळ अक्षरे असत आणि वाचक कीबोर्डवरूनच काम करी. त्यामुळे डॉस प्रणालीवरील स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर आवाजात वाचणारी साधने (उदा., १९८९ मधील जॉज), त्या बऱ्याच अंशी वाचून दाखवू शकत; स्तंभांत मांडलेली माहिती आडवी वाचली जाऊन गोंधळ होई, हे खरे. पुढे १९९० च्या दशकाच्या मध्यास चित्रमय ब्राउझर रुळले. चित्रांची बटणे, चौकटी आणि केवळ मांडणीसाठी वापरलेली कोष्टके यांमुळे तीच तालिका या वाचकांना दुर्गम झाली. म्हणजे नंतरचे बरेचसे प्रयत्न गमावलेली सोय परत मिळवण्याचे होते.

मार्गदर्शक तत्त्वांची दुसरी मालिका २००८ मध्ये आली व २०१२ मध्ये तिला आयएसओ ४०५०० या आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. तिच्या सुधारित आवृत्त्या २०१८ व २०२३ मध्ये निघाल्या. पूर्ततेच्या तीन पातळ्यांपैकी मधली, म्हणजे डबल ए, बहुधा उद्दिष्ट मानली जाते. चित्रांना पर्यायी मजकूर, साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ रंगविरोध आणि चित्रफितींना उपशीर्षके हे तिचे परिचित नियम आहेत.

ग्रंथालयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची, पण चर्चेत मागे पडलेली अट संपूर्ण प्रक्रियेची आहे. एखादे काम अनेक पानांवरून पुरे होत असेल, तर त्या साखळीतील प्रत्येक पान ठरलेल्या पातळीचे असावे लागते. एखादा लेख मिळवताना वाचक मुखपृष्ठावरून शोधपेटीकडे, तेथून निकालांकडे, मग लॉगिनकडे, प्रकाशकाच्या मंचाकडे आणि शेवटी पीडीएफकडे जातो. यांतील मुखपृष्ठ तेवढे बहुधा ग्रंथालयाच्या हाती असते. शोधप्रणाली व डेटाबेस विकत घेतलेले असतात. केवळ मुखपृष्ठ तपासून दिलेल्या सुगम्यतेच्या निवेदनाला म्हणूनच फारसा अर्थ उरत नाही. खरी पकड खरेदी करारात असते. पुरवठादाराचा सुगम्यता अहवाल मागवावा, परंतु तो बहुधा पुरवठादारानेच भरलेला असल्याने पडताळूनही पाहावा.

निकालांचे पान तांत्रिकदृष्ट्या सर्वांत अवघड असते. वर्ष, विषय, भाषा यांच्या चाळण्यांची यादी निकालांआधी येत असेल, तर कीबोर्डवर काम करणाऱ्यास पहिल्या नोंदीपर्यंत पोहोचण्यासाठी टॅबची कळ कितीतरी वेळा दाबावी लागते. यावर थेट निकालांवर नेणारा दुवा आणि योग्य श्रेणीचे मथळे हे जुने व खात्रीचे उपाय आहेत. चाळणी निवडल्यावर पान पुन्हा न उघडता यादी बदलते, तेव्हा डोळस वाचकाला निकालांची नवी संख्या दिसते; स्क्रीन रीडर गप्पच राहतो. अशी सूचना फोकस (वाचक पानावर ज्या घटकावर आहे ती जागा) न हलवता सहायक साधनांपर्यंत पोहोचावी, असा निकष २०१८ च्या आवृत्तीत आला. लॉगिनसाठी कोडे सोडवायला लावू नये किंवा पर्याय द्यावा, हा २०२३ चा निकषही येथे लागू पडतो.

साखळीचा शेवट बहुधा पीडीएफवर होतो आणि ती अनेकदा तेथेच तुटते. स्कॅन केलेले पान हे निव्वळ चित्र असते. अक्षरओळख करूनही मथळे व वाचनक्रम यांच्या खुणा नसतील, तर दोन स्तंभांचा मजकूर सरमिसळ होऊ शकतो. सुगम पीडीएफसाठी आयएसओ १४२८९ हे मानक २०१२ मध्ये आले. रोमनेतर लिप्यांतील, युनिकोड ही सर्व लिप्यांची समान संकेतप्रणाली येण्यापूर्वीच्या फॉन्टच्या फायली पडद्यावर शुद्ध दिसतात, पण ऐकताना निरर्थक रोमन अक्षरे कानी पडतात.

दिव्यांग वाचकांना वापरता येतील अशा प्रती तयार करण्यात प्रताधिकाराचा प्रश्न येतो. ऑथर्स गिल्ड (लेखकांची संघटना) विरुद्ध हाथीट्रस्ट (ग्रंथालयांचा डिजिटल संग्रह) या खटल्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २०१४ मध्ये मुद्रित मजकूर वाचू न शकणाऱ्यांना डिजिटल प्रती देणे हा उचित वापर, म्हणजे प्रताधिकारधारकाच्या परवानगीविना चालणारा वापर, मानला. २०१३ चा माराकेश करार ३० सप्टेंबर २०१६ पासून अमलात आला. त्याने अशा प्रतींच्या देशादेशांतील देवाणघेवाणीस आधार दिला.

स्वयंचलित तपासणी साधनांना पर्यायी मजकूर आहे की नाही एवढे कळते, तो योग्य आहे की नाही हे कळत नाही. त्यामुळे कीबोर्ड, स्क्रीन रीडर व प्रत्यक्ष दिव्यांग वाचक यांच्याकडून तपासणी आवश्यक ठरते. बोधनिक व अध्ययनविषयक अक्षमतांच्या बाबतीत मार्गदर्शक तत्त्वे अपुरी पडतात, हे त्यांतच नमूद आहे. या बाबतीत मेनूत ‘ओपॅक’ऐवजी ‘पुस्तक शोधा’ असे लिहिण्यासारखे साधे उपाय सुचवले जातात.