परतीची तारीख तुमच्या हाती
आखातात नोकरी करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी आर्थिक नियोजनाचं माहितीपत्रक

कोकणाला मनीऑर्डरवर जगणारा मुलूख म्हणत. मुंबईत गिरणीत पाळी करणारा बाप दर महिन्याला पैसे धाडायचा आणि त्यावर गावचं घर, पोरांची शाळा, गणपती, सगळं निभायचं. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. त्यातले कितीतरी जण पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत.

आज चिपळूण, खेड, दापोलीकडची पुढची पिढी दुबई, शारजा, मस्कत, दोह्यात आहे. मनीऑर्डरऐवजी मोबाइलवरून पैसे येतात, रक्कमही मोठी असते. पण पगार परमुलखात आणि तो थांबण्याचा दिवस दुसऱ्याच्या हातात, हे मात्र तसंच राहिलं आहे. बहुतेकांचा व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की काही महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर सामान बांधायचं.

म्हणून आर्थिक स्वातंत्र्य म्हणजे आमच्या लेखी चाळिशीत काम सोडून बसणं नव्हे. गावी कधी परतायचं हे कंपनीने नाही, तुम्ही ठरवायचं, एवढाच त्याचा अर्थ.

सेटलमेंटच्या भरवशावर राहू नका

अमिरातीत परदेशी कामगाराला सरकारी पेन्शन नाही. खासगी नोकरी सुटताना कायद्याने ग्रॅच्युइटी मिळते: पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा आणि त्यापुढे दरवर्षी ३० दिवसांचा मूळ पगार. इथे ‘मूळ’ या शब्दावर बोट ठेवा. घरभाडं आणि प्रवासभत्ता त्यात धरत नाहीत. समजा मूळ पगार ६,००० दिरहम आणि नोकरी १२ वर्षं. दिवसाचे २०० दिरहम, एकूण ३१५ दिवस, म्हणजे ६३,००० दिरहम. बारा वर्षं घरापासून लांब राहून हातात येणारी ही रक्कम गावच्या घराची डागडुजी आणि एका लग्नात संपते. मागे काही उरवायचं तर ते दरमहा पगारातूनच उरवावं लागेल.

किती लागतील?

आधी गावी परतल्यावरचा वर्षाचा खर्च लिहून काढा. घर स्वतःचं आहे आणि महिन्याला ५०,००० रुपये लागतात असं धरू. वर्षाचे झाले ६ लाख. अमेरिकेत १९९४ साली विल्यम बेंगेन या सल्लागाराने तिथल्या जुन्या आकड्यांवरून हिशेब मांडला की निवृत्तीच्या वर्षी पुंजीच्या चार टक्के काढून पुढे ती रक्कम महागाईप्रमाणे वाढवत नेली, तरी पुंजी तीस वर्षं पुरते. त्यातूनच ‘खर्चाच्या पंचवीसपट’ हे गणित जगभर पसरलं. पण तो हिशेब अमेरिकेतल्या महागाईचा आणि तिथल्या बाजाराचा. आपल्याकडची महागाई जास्त आणि चाळिशीत-पन्नाशीत परतणाऱ्याला तीस वर्षांहून जास्त काळ काढायचा असतो. म्हणून आम्ही तेहतीसपट धरतो. या उदाहरणात ते आजच्या भावाने सुमारे २ कोटी होतात.

पंधरा वर्षांनी परतणार असाल आणि महागाई सहा टक्के धरली, तर याच २ कोटींचे ४ कोटी ८० लाख होतात. आकडा मोठा आहे, घाबरवणारा आहे, पण तो तुमच्यापासून लपवणं आम्हाला पटत नाही. दरमहा ४०,००० रुपये घातले आणि वर्षाला दहा टक्के वाढ मिळाली, तर पंधरा वर्षांत सुमारे १ कोटी ६५ लाख जमतात. तीच रक्कम पगारवाढीबरोबर दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढवत नेली, तर सुमारे २ कोटी ९५ लाख. (दहा टक्के हे आम्ही गृहीत धरलं आहे, बाजार तशी हमी देत नाही.) उरलेली दरी ठेवी, ग्रॅच्युइटी, जोडीदाराची कमाई किंवा आणखी दोन-तीन वर्षांची नोकरी यांनी भरून काढायची. ती भरेल की नाही, हे आज कळलं तर उपाय करता येतो.

पुंजी वाढवायचा आमचा मार्ग पॅसिव्ह गुंतवणुकीचा. पॅसिव्ह म्हणजे काय?

बाजारात कुठला शेअर वर जाईल हे ओळखायचा प्रयत्नच करायचा नाही, सगळा बाजार थोडा थोडा विकत घ्यायचा. निफ्टी ५० हा देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक. १९९६ साली तो सुरू झाला आणि वर्षातून दोनदा त्याची यादी तपासली जाते. मागे पडलेली कंपनी बाहेर जाते, पुढे आलेली आत येते. इंडेक्स फंड हीच यादी त्याच प्रमाणात धरून ठेवतो. सामान्य गुंतवणूकदारांसाठी असा पहिला फंड जॉन बोगल यांनी १९७६ मध्ये अमेरिकेत आणला. तेव्हा त्याची टिंगल झाली होती.

आम्ही या मार्गाच्या बाजूचे का, याचं मोठं कारण खर्च. १० लाख रुपये वीस वर्षं दहा टक्क्यांनी वाढले तर ६७ लाख २७ हजार होतात. फंडाचा आणि दलालीचा खर्च दीड टक्का जास्त गेला, म्हणजे वाढ साडेआठ टक्के उरली, तर ५१ लाख १२ हजार. दीड टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण त्याने १६ लाख नेले. डायरेक्ट प्लॅनमध्ये, म्हणजे मध्ये दलाल न ठेवता थेट घेतलेल्या फंडात, इंडेक्स फंडाचा वार्षिक खर्च बहुधा अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक म्युच्युअल फंडाला डायरेक्ट प्लॅन द्यावाच लागतो. आम्ही कमिशन घेत नाही, ठरलेली फी घेतो, त्यामुळे तुम्हाला डायरेक्ट प्लॅनच सुचवतो.

या मार्गात कठीण असतं ते शांत बसणं. २००८ च्या जानेवारीत सेन्सेक्स २१,००० च्या आसपास होता, ऑक्टोबरात तो ८,००० च्या घरात आला. २०२० मध्ये करोनाच्या धास्तीने निफ्टी दोन-अडीच महिन्यांत १२,००० वरून ७,६०० पर्यंत घसरला. अशा वेळी आमचा फोन सतत वाजत असतो, आणि वाजू दे, बोलून मन हलकं होतं. एसआयपी, म्हणजे फंडात दरमहा घातली जाणारी ठरलेली रक्कम, मात्र बंद करू नका. पुढच्या चार-पाच वर्षांत लागणारा पैसा शेअर बाजारात ठेवायचाच नाही, तो ठेवीत ठेवायचा, हा नियम आम्ही आधीच सांगतो तो याच दिवसांसाठी.

‘रेट काय चाललाय?’

खोलीवर सकाळचा पहिला प्रश्न हाच असतो. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, त्यामुळे रुपया डॉलरपुढे पडला की दिरहमपुढेही पडतो. २०१० मध्ये एका दिरहमला साधारण बारा रुपये मिळत, २०२४ मध्ये बावीसच्या वर. आता थांबलो तर आणखी मिळतील, असं वाटणं साहजिक आहे. पण रेट चढायची वाट पाहत सहा महिने पैसा तिथल्या बिनव्याजी खात्यात पडून राहतो, आणि त्यातला काही भाग मॉलमध्ये खर्च होतो, हे आम्ही वारंवार पाहिलं आहे. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम पाठवा. म्हातारपणाचा खर्च रुपयात होणार असेल तर पुंजीचा मोठा भाग रुपयात हवा. मुलांना परदेशी शिकवायचं असेल तर तेवढा भाग डॉलरमध्ये ठेवा.

जिथे पैसा अडकतो

सगळ्यांत जास्त वाईट वाटतं ते पंचवीस वर्षांच्या ‘सेव्हिंग प्लॅन’चे कागद पाहताना. विम्याची जोड दिलेली ही योजना ओळखीच्याच माणसाने गळ्यात मारलेली असते. सुरुवातीच्या वर्षांतले हप्ते बरेचसे कमिशनमध्ये जातात आणि मध्येच मोडली तर मोठा दंड बसतो. ज्याच्या नोकरीची पुढच्या तीन वर्षांची खात्री नाही, त्याने पंचवीस वर्षांच्या हप्त्यावर सही करू नये. आधीच केली असेल तर लाजू नका, कागद घेऊन या. मोडण्यात तोटा कमी की चालू ठेवण्यात, हे आकड्यांनी पाहू.

तिथल्या ॲपवरून थेट अमेरिकेतले ईटीएफ (शेअरसारखे बाजारात घेता-विकता येणारे फंड) घेणाऱ्यांसाठी: अमेरिकेबाहेर राहणारा बिगर-अमेरिकी माणूस वारला, तर त्याच्या तिथल्या ६०,००० डॉलरच्या वरच्या मालमत्तेवर ४० टक्क्यांपर्यंत वारसा कर लागू शकतो. अमिरातीत राहणाऱ्याच्या लाभांशातून ३० टक्के कापले जातात ते वेगळेच. आयर्लंडमध्ये नोंदलेले तशाच निर्देशांकाचे ईटीएफ घेतले तर हा वारसा कर लागत नाही, आणि लाभांशावरची अमेरिकी कपात फंडाच्या पातळीवर १५ टक्क्यांवर येते.

आणि आंब्याची बाग. अनिवासी भारतीयाला शेतजमीन किंवा बागायत विकत घेता येत नाही, वारशाने आलेली ठेवता येते. भावाच्या नावावर घेऊन ठेवू, असं ठरवण्याआधी एकदा आमच्याशी बोला.

खाती आणि कागद

परदेशी नोकरीला गेल्यावर गावच्या बँकेतलं जुनं बचत खातं तसंच चालवता येत नाही, ते एनआरओ (अनिवासीचं, भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) करून घ्यावं लागतं. पगार पाठवायला एनआरई (परदेशातली कमाई रुपयात ठेवायचं) खातं काढा. त्याचं व्याज भारतात करमुक्त असतं आणि रक्कम हवी तेव्हा परत नेता येते. एनआरओच्या व्याजातून ३० टक्के कर आणि वर उपकर कापला जातो. पीपीएफ आधीपासून असेल तर मुदतीपर्यंत चालतं, नवीन काढता येत नाही. फंडाकडची केवायसीही अनिवासी म्हणून बदलून घ्या. इक्विटी फंड वर्षानंतर विकला की नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. तुमच्या बाबतीत फंड तो आधीच कापून घेतो, जास्त कापला गेला असेल तर विवरणपत्र भरून परत मिळतो. पत्नीच्या नावावर पैसे देऊन गुंतवले तर त्याचं उत्पन्न तुमच्याच उत्पन्नात धरलं जातं.

कायमचं परतायचं ठरलं की निघण्याआधी सहा महिने कळवा. बरीच वर्षं बाहेर काढलेल्यांना परतल्यावर साधारण दोन-तीन वर्षं असा दर्जा मिळतो की परदेशातल्या उत्पन्नावर इथे कर लागत नाही. तिथली गुंतवणूक त्या काळात मोडायची की कसं, हे विमानात बसण्याआधी ठरलेलं बरं.

गणपतीला गावी आलात की तासभर काढून या, आणि घरातल्या बाईमाणसांना बरोबर आणा, कारण पुढे हे कागद त्यांनाच सांभाळावे लागतात. येताना नोकरीचं करारपत्र (मूळ पगार दिसेल असं), एनआरई-एनआरओचं वर्षाचं स्टेटमेंट, सगळ्या विमा पॉलिसी आणि गावच्या खर्चाची यादी आणा. पहिल्या भेटीची फी नाही. दर्शनाच्या पाच दिवसांत कार्यालय दुपारी चारनंतर उघडं असतं.