बॅले चौथ्या वर्षीच सुरू करावं लागतं?

"तीन-चार वर्षांची असताना क्लास लावला नाही ना, मग आता विसरा," हे वाक्य इतक्या वेळा फिरलंय की लोकांना नियमच वाटतो. तसं काही नाहीये. सेंट पीटर्सबर्गची वागानोवा अकॅडमी, जिथून जगातले एकसे एक डान्सर निघाले, तीसुद्धा मुलं साधारण १० वर्षांची झाली की मेन कोर्सला घेते. त्याआधीचे लहान मुलांचे क्लास म्हणजे ताल, उड्या, थोडी शिस्त, बस. पॉइंट शूज, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहायचे बूट, तर बहुतेक ठिकाणी साधारण ११-१२च्या आधी देतच नाहीत, कारण पायाची हाडं अजून वाढत असतात आणि घोट्यात ताकद नसते.

अमेरिकन बॅले डान्सर मिस्टी कोपलँडचं बघा. १३व्या वर्षी पहिला क्लास, तोही कॅलिफोर्नियात एका बास्केटबॉल कोर्टवर, अंगात जिमचे कपडे आणि पायात मोजे! २००१ मध्ये अमेरिकन बॅले थिएटरच्या कोरमध्ये, म्हणजे मागच्या रांगेत सगळ्यांसारखाच हात उचलायचा, मान पण तेवढीच वळवायची, वेगळं दिसलात की चूक. २००७ ला सोलोइस्ट, म्हणजे एकटीचे नाच मिळणारी, २०१५ ला प्रिन्सिपल, म्हणजे सगळ्यात वरचा दर्जा. प्रसिद्ध रशियन डान्सर नुरेयेव तर लेनिनग्राडच्या शाळेत (म्हणजे आजच्या वागानोवातच) गेला तेव्हा १७ वर्षांचा होता, अर्थात लोकनृत्य आधीपासून करायचा, अगदी कोरी पाटी नव्हती.

उशिरा आलेल्यांना सोपं जातं असं मी म्हणत नाहीये हां, बाकीच्यांची सात-आठ वर्षांची बारवरची (सरावाला धरायच्या दांड्यावरची) प्रॅक्टिस यांना दोन-तीन वर्षांत भरून काढावी लागते, आणि खुब्याच्या सांध्यापासून पाय बाहेर वळवणं, ज्याला टर्नआउट म्हणतात, ते घाईत केलं की गुडघा बोलतो.