पार्श्वभूमी : मलाक्का, दोन काठांचे शहर

क्वालालंपूरहून एका दिवसात मलाक्का उरकणारे बहुतेक लोक एकच वाट धरतात. लाल इमारतींच्या चौकात फोटो, शेजारच्या टेकडीवरचे पडके चर्च, मग पूल ओलांडून जोंकर स्ट्रीटवर जेवण आणि खरेदी, संध्याकाळी परतीची बस. वाट चुकीची नाही, पण कोणती वास्तू कुठे आणि का उभी आहे ते या घाईत कळत नाही. ते कळायला एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुरते. नदीच्या पूर्व काठावर राज्य करणारे बसले आणि पश्चिम काठावर व्यापार करणारे. राज्यकर्ते बदलत गेले, ही वाटणी मात्र फारशी हलली नाही.

इथे बंदर झाले ते वाऱ्यांमुळे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांवर गुजरात, कोरोमंडल आणि बंगालची गलबते सामुद्रधुनीत येत. चीनची जहाजे हिवाळ्यातल्या ईशान्य वाऱ्यांवर दक्षिणेला उतरत. खंबायतहून थेट चीनला जाऊन एकाच हंगामात परतणे शक्य नव्हते. म्हणून मधेच कुठेतरी माल बदलायचा आणि वारा फिरेपर्यंत थांबायचे, हा रिवाज पडला. सुमात्रातल्या पालेंबांगच्या राजकुळातला परमेश्वर इ.स. १४०० च्या सुमारास या नदीच्या मुखाशी स्थिरावला आणि त्याच्या वंशजांनी हे थांबणे सोयीचे केले. परदेशी व्यापाऱ्यांसाठी चार शाहबंदर नेमलेले असत. एक गुजरात्यांसाठी, दुसरा बंगाल, कोरोमंडल, पेगू वगैरेंसाठी, तिसरा जावा आणि मसाल्याच्या बेटांकडच्यांसाठी, चौथा चीन आणि आसपासच्या लोकांसाठी. आलेल्या कप्तानाला दरबारी हजर करणे, गोदाम मिळवून देणे, तंटे सोडवणे ही त्यांची कामे. पोर्तुगीज काळाच्या सुरुवातीला इथे राहिलेल्या तोमे पिरेशने बंदरात ८४ भाषा बोलल्या जात असल्याची नोंद केली आहे. तीन-चार महिने मुक्काम म्हटला की राहायला घर, पूजेला जागा आणि वेळ आलीच तर पुरायला जमीनही लागते. शहरातली देवळे, मशिदी, दफनभूमी यांचे मूळ या सक्तीच्या मुक्कामात आहे.

पोर्तुगीज सेनापती अफोन्सो दे अल्बुकर्कने नोव्हेंबर १५१० मध्ये गोवा जिंकले आणि पुढच्याच वर्षी त्याचे आरमार मलाक्कासमोर उभे राहिले. त्याने हेरले ते नदीवरचा पूल. दोन्ही काठ जोडणारा हा पूल हाती आला की शहराचे दोन तुकडे पडतात आणि एका बाजूची कुमक दुसरीकडे पोचत नाही. २५ जुलै १५११ चा पहिला हल्ला टिकला नाही. दुसऱ्या वेळी एक उंच जंक जहाज भरतीच्या पाण्यावर नदीत घुसवून पुलाशी नेले आणि वरून मारा केला. ऑगस्ट संपण्याआधी शहर पडले. चौकातून जोंकर स्ट्रीटकडे जाताना आज जो पूल लागतो, तो साधारण त्याच जागेवर आहे. तिथे दोन मिनिटे थांबून नदीची रुंदी पाहावी. एवढ्याशा पाण्यासाठी एवढी लढाई का झाली, ते तिथेच कळते.

विजयानंतर लगेच पूर्व काठावर किल्ला उठला, ‘आ फामोसा’. त्यासाठी मशिदीचे आणि सुलतानांच्या कबरींचेही दगड वापरले गेले. इथला मुख्य दगड जांभा. कोकणातून किंवा गोव्यातून आलेल्याला तो ओळखीचा वाटेल: तांबडा, सच्छिद्र, हाताला खरखरीत. आज या किल्ल्याचे एकच द्वार उभे आहे, पोर्ता दे सांतियागो. बाकीचा तट इंग्रजांनी १८०७ पासून सुरुंग लावून पाडला. मलाक्का तेव्हा त्यांच्याकडे तात्पुरते होते. डचांना परत द्यावे लागले तर किल्ला शत्रूच्या कामी येईल आणि त्यांच्या पिनांग बंदराचा व्यापार मागे पडेल, ही भीती होती. इंग्रज अधिकारी स्टॅमफर्ड रॅफल्सने मलाक्काची बाजू घेतली, म्हणून निदान हे दार राहिले.

या दाराच्या कमानीवर नजर टाकायला विसरू नये. तिथे १६७० हे साल आणि डच ईस्ट इंडिया कंपनीचे चिन्ह कोरलेले आहे, कारण १६४१ मध्ये किल्ला जिंकल्यावर डचांनी पुढे त्याची डागडुजी केली. वेंगुर्ल्याची डच वखार ज्या कंपनीची, तीच ही कंपनी. गोव्याच्या मुखाशी तिची जहाजे नाकेबंदी करत होती, त्याच वर्षांत तिने जोहोरच्या सुलतानाच्या मदतीने मलाक्काला महिनोन्‌महिने वेढा घातला होता. दारासमोर आता मैदान, मॉल आणि रस्ते आहेत. मूळचा समुद्र भराव घालून बराच मागे सारला आहे. त्यामुळे ‘समुद्रावरचा किल्ला’ शोधणाऱ्यांची इथे हमखास निराशा होते. तटाचा पाया कुठे होता, हे नदीजवळच्या मिडलबर्ग बुरुजापाशी जास्त चांगले समजते. फिरत्या मनोऱ्यासाठी खोदकाम करताना २००६ मध्ये त्याचे अवशेष सापडले, मनोरा दुसरीकडे हलवला गेला आणि बुरूज पुन्हा बांधून काढला. वरचा भाग नवा आहे, हे मनात ठेवून तो पाहावा.

टेकडीवरच्या सेंट पॉल चर्चचा गोव्याशी थेट संबंध आहे. १५२१ मध्ये इथे प्रार्थनागृह बांधले गेले, १५४८ मध्ये ते जेझुइटांकडे आले आणि फ्रान्सिस झेवियरचा पूर्वेकडच्या प्रवासातला तळ झाले. डिसेंबर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्यालगतच्या बेटावर झेवियर वारला. त्याचा देह १५५३ मध्ये या चर्चमध्ये पुरला, काही महिन्यांनी बाहेर काढला आणि १५५४ मध्ये गोव्यात पोचला. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकातली चांदीची पेटी पाहिलेल्यांसाठी इथला जाळीखालचा रिकामा खड्डा म्हणजे त्या प्रवासाचा आधीचा टप्पा. बाहेरच्या संगमरवरी पुतळ्याचा उजवा हात झाड पडून तुटला आहे. मूळ देहाचा उजवा हात १६१४ मध्ये काढून रोमला नेला होता, त्यामुळे या योगायोगाची गोष्ट प्रत्येक गाइड रंगवून सांगतो. आतल्या भिंतींना टेकवलेल्या उंच शिळा बहुतेक डचांच्या थडग्यांच्या आहेत. डचांनी खाली स्वतःचे नवे चर्च बांधल्यावर टेकडी दफनासाठी वापरली, पुढे इंग्रजांनी चर्चमध्ये दारूगोळा ठेवला. छप्पर नाही ते या सगळ्या वापरामुळे.

खाली चौकातले स्टॅडहाउस हे डच गव्हर्नरांचे कचेरी-निवासस्थान, १६५० च्या आसपासचे. आता तिथे इतिहासाचे आणि मानववंशाचे संग्रहालय आहे. शेजारचे क्राइस्ट चर्च १७४१ मध्ये, डच सत्तेला शंभर वर्षे झाल्याच्या निमित्ताने सुरू झाले आणि १७५३ मध्ये पूर्ण झाले. छताच्या तुळया प्रत्येकी एकाच झाडाच्या, बिनजोड आहेत. आत जाऊन मान वर करण्यासारखे तेच आहे. ज्या लाल रंगामुळे हा चौक ओळखला जातो, तो डच नव्हे. मूळ इमारती पांढऱ्या होत्या. त्यांना लाल रंग इंग्रजी अमलात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लागला.

पूल ओलांडला की शहराची चाल बदलते. खरा वेळ इथे द्यावा. जोंकर स्ट्रीटच्या मागे एकाच सरळ रस्त्यावर, काही मिनिटांच्या अंतरात, चेंग हून तेंग हे सतराव्या शतकातले चिनी देऊळ, काम्पुंग क्लिंग मशीद आणि श्री पोय्याथा विनायगर मूर्ती हे गणपतीचे देऊळ आहे. मशीद १७४८ मध्ये लाकडी बांधली, १८७२ मध्ये विटांची झाली. तिला घुमट नाही. एकावर एक चढलेले तीन-मजली उतरते छप्पर सुमात्रा-जावाच्या वळणाचे, मिनार पॅगोडासारखा, खांबांचे माथे युरोपीय, भिंतींना चकाकत्या परदेशी फरशा. बांधणारे दक्षिण भारतीय मुसलमान व्यापारी होते. कारागीर आणि सामान मात्र बंदरात जे मिळाले ते. गणपतीचे देऊळ १७८१ चे. जमीन डच कंपनीने चिट्टी समाजाचा प्रमुख तैवनायगम चिट्टी याला दिली. चिट्टी म्हणजे सुलतानांच्या काळात आलेल्या आणि इथेच लग्ने केलेल्या तमिळ व्यापाऱ्यांचे वंशज. घरात मलय बोलतात, पेहराव आणि स्वयंपाक बराचसा मलय वळणाचा, पण धर्म शैव. त्यांची वस्ती आणि छोटे संग्रहालय गाजा बेरांग भागात आहे. तिथे फार कोणी जात नाही, आणि ती या शहरातली सर्वांत मोठी चुकामूक म्हणावी लागेल.

जोंकरला समांतर हिरेन स्ट्रीटवर, आजच्या तान चेंग लॉक रस्त्यावर, बाबा-न्योन्या, म्हणजे इथेच रुजलेल्या चिनी व्यापाऱ्यांच्या वंशजांची, घरे आहेत. दर्शनी भाग अरुंद आणि खोली प्रचंड, मधे उजेड-वाऱ्यासाठी उघडे चौक. भराव पडण्याआधी समुद्राकडच्या रांगेतल्या घरांच्या मागच्या दाराशी पाणी होते, मालाची चढउतार थेट तिथून होई. ८ क्रमांकाचे घर पाहिले तर डच काळातले साधे दुकान-घर कसे असे ते समजते. बाबा-न्योन्या संग्रहालय म्हणजे नंतरच्या श्रीमंतीचे रूप, लाकडावर सोनेरी नक्षी आणि लग्नाचा सारा थाट. दोन्ही याच क्रमाने पाहावीत.

हे सगळे टिकले ते व्यापार गेल्यामुळे. इंग्रजांनी १७८६ मध्ये पिनांग आणि १८१९ मध्ये सिंगापूर वसवले. मलाक्काच्या नदीमुखाशी गाळ साचत होता, मोठी जहाजे दूर नांगर टाकत. १८२४ च्या करारात सुमात्रातले बेंकूलन देऊन इंग्रजांनी मलाक्का कायमचे घेतले तेव्हा त्याचे महत्त्व ओसरलेच होते. सिंगापूरमध्ये जुन्या चाळी पाडून नवे बांधण्याइतका पैसा होता, इथे नव्हता. विसाव्या शतकात भाडे-नियंत्रण कायद्याने जुने भाडेकरू जागेवर राहिले. तो कायदा १९९९ च्या अखेरीस संपला, भाडी वाढली आणि सुतार, लोहार, शवपेट्या करणारे अशी कारागीर दुकाने उठू लागली. २००८ मध्ये पिनांगच्या जॉर्ज टाउनसह युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. इमारती सुरक्षित झाल्या, पण आतले रहिवासी परतले नाहीत. जोंकर स्ट्रीटवर सर्वत्र हॉटेले आणि स्मरणवस्तू का दिसतात, याचे उत्तर या दोन तारखांमध्ये आहे.

नदीला शहराने बराच काळ पाठ दाखवली होती. तिच्या काठाला गोदामांच्या मागच्या भिंती होत्या आणि पाणी घाणेरडे होते. २००० नंतरच्या दशकात नदी साफ झाली, काठाने पायवाट आली, मुखाशी भरती-ओहोटी रोखणारे दरवाजे बसले. त्यामुळे बोट दिवसभर चालू शकते. फेरी साधारण पाऊण तासाची. रात्री नुसते दिवे दिसतात. घरे आणि काम्पुंग मोर्तेन ही १९२० च्या दशकातली खांबांवरच्या मलय घरांची वस्ती पाहायची तर चार-पाचच्या सुमारास बसावे.

पूर्वेला सुमारे तीन किलोमीटरवर उजोंग पासिर इथे १९३० च्या दशकात वसवलेली पोर्तुगीज वसाहत आहे. तिथले वडीलधारे अजून क्रिस्तांग ही पोर्तुगीज वळणाची मिश्र बोली बोलतात. व्हिनेगर आणि मिरची घातलेली ‘कारी देबल’ गोव्याच्या जेवणाशी नाते सांगते. मच्छीमारांचा सान पेद्रो सण जूनच्या अखेरीस असतो. समुद्रात पडलेल्या भरावामुळे त्यांची मासेमारी आक्रसली आहे.

जाण्याचे गणित सोपे आहे. क्वालालंपूरच्या तेर्मिनाल बर्सेपादू सेलातान या स्थानकावरून मलाक्का सेंट्रल सुमारे दोन तास. ते स्थानक जुन्या शहरापासून चार-पाच किलोमीटर दूर असल्याने पुढे शहर बस किंवा टॅक्सी घ्यावी लागते. शहरात रेल्वे येत नाही. टेकडी सकाळी नऊच्या आत चढावी, नंतर ऊन सोसवत नाही. मशिदीत शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी जाऊ नये, खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. जोंकरचा रात्रीचा बाजार शुक्रवार ते रविवारच भरतो आणि तेव्हा खोल्या महाग होतात. बाजार नको असेल तर मंगळवार-बुधवारी यावे, रात्रीचा एक मुक्काम करावा आणि दुसरी सकाळ चिट्टी वस्तीसाठी राखावी.