‘वॉटरलॉग्ड’ वावर: एका विशेषणाची पार्श्वभूमी

‘वावर चिबडलं’ म्हटलं की विदर्भात पुढं काही सांगावं लागत नाही. पीक पिवळं पडलंय, पाय टाकला तर रुततो, वापसा यायला आठवडा तरी जाणार, हे सगळं त्यात आलं. वर पाण्याचं डबकं दिसेलच असं नाही, हेही आलं. इंग्रजी कागदात अशा वावराला ‘वॉटरलॉग्ड’ म्हणतात आणि मराठीत आणताना त्याचं बहुतेकदा ‘जलमय’ होतं. घोळ तिथूनच आहे.

मूळ शब्द जहाजांचा, अठराव्या शतकातला. ‘लॉग’ म्हणजे लाकडाचा ओंडका. पोटात इतकं पाणी शिरलेलं जहाज, की ते ओंडक्यासारखं जड होऊन पडतं आणि सुकाणूला जुमानत नाही. पाणी वर किती आहे याला त्यात महत्त्व नाही, आत किती शिरलं याला आहे. (भिजून चिंब झालेल्यासाठीचा दुसरा शब्द, ‘सॉडन’, त्याहून मजेदार. तो मुळात ‘उकडलेला’ या अर्थाचा. १६११ च्या इंग्रजी बायबलात तो पाण्यात शिजवलेल्या मांसासाठी येतो.) पुढं एकोणिसाव्या शतकात उत्तरेत मोठे कालवे झाले, त्यांच्या पाझरानं जमिनी बिघडल्या आणि जहाजाचा शब्द त्या शेतांनाही लागला. आपल्याकडं नीरा कालव्याखाली तेच झालं.

विदर्भात कालव्याची वाट पाहावी लागत नाही, काळी मातीच पुरते. पाणी लागलं की ती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी खाली उतरायचं थांबतं. मातीतली हवा जाते, मुळं गुदमरतात. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी काम सोडतात, नत्र तुटतं, पानं पिवळी. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, तर काल उभी होती ती आज मान टाकते. कृषीवाले त्याला ‘आकस्मिक मर’ म्हणतात. पाऊस उघडून दोन दिवस झालेले असतात, वर ऊन असतं, आणि नुकसान त्यानंतर दिसू लागतं.

२०१६ ला आलेल्या पीक विमा योजनेत स्थानिक आपत्तींच्या यादीत गारपीट, भूस्खलन यांच्यासोबत शब्द पडला तो ‘इनन्डेशन’. म्हणजे शेत पाण्याखाली जाणं. ‘वॉटरलॉग्ड’ हा वेगळा शब्द आहे, पण मराठी फॉर्मात दोन्ही ‘जलमय’खाली गेले. सूचना ७२ तासांत द्यायची, सोबत फोटो. धुऱ्यावर उभं राहून काढलेल्या फोटोत चिबडलेलं सोयाबीन नुसतं पिवळसर दिसतं. पाहणीला आलेला पोरगा विचारतो, ‘काका, पाणी कुठं आहे?’ त्याचंही चुकत नाही, त्याच्या रकान्यात तेच लिहिलंय. काका म्हणतात, ‘खाली आहे बाप्पा, खोदून पाय.’ ही हुज्जत ज्यांनी ऐकली आहे त्यांना तर्जुम्याची किंमत समजते.

पूर्वेकडं उलटं झालं. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी दिसतं, पण २०१८ मध्ये धानासारख्या पाणी मागणाऱ्या पिकांना ‘इनन्डेशन’मधून वगळलं. कारण सांगितलं गेलं ते असं, की बुडालेल्या धानाचं नुकसान मोजता येत नाही आणि खोटे दावे होतात. धानाला पाणी लागतं हे खरं, पण ते बुडापाशी. शेंडा चार-आठ दिवस बुडून राहिला तर धानही सडतो, हे बांधीतलं पोरही सांगेल.

मग २०२५ च्या खरिपात राज्यानं स्थानिक आपत्तीची भरपाईच बाजूला ठेवली. भिस्त पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक जागी पीक कापून काढलेल्या सरासरी उत्पादनावर. त्याच सालच्या पावसात ‘ओला दुष्काळ’ जाहीर करा अशी मागणी उठली, तर नियमावलीत असा शब्दच नाही असं उत्तर मिळालं. अतिवृष्टी मात्र आहे: महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर. रोज तीस-चाळीस मिलिमीटर असा आठवडाभर पडणारा पाऊस त्यात बसत नाही, आणि काळं वावर चिबडतं ते बहुतेक अशाच झडीनं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानं धानाचं बुडणं पुन्हा विम्यात घेतलं, खरीप २०२६ पासून. शब्द तोच ठेवला आहे, ‘इनन्डेशन’.